छतावरचा तंबू की कॅनॉपी?

प्रश्न : पिकअपचा हौदा पाच फुटी आहे. दोघांना कच्छ आणि पुढे लडाख करायचंय. झोपायची आणि फ्रिजची सोय कशी करावी?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : कॅनॉपी म्हणजे हौद्यावरचं बंद टोपण. ती लावून हौद्यात झोपायचं तर पाच फुटांत दोघांना पाय पसरता येत नाहीत आणि फाळका उघडा ठेवला तर कच्छची धूळ थेट अंथरुणात. म्हणून छतावरचा तंबूच घ्या. मात्र तो ५०-६० किलोंचा असतो. फायबरच्या कॅनॉपीवर न लादता हौद्याला बोल्ट केलेल्या लोखंडी रॅकवर बसवा. रॅकची क्षमता गाडी चालू असतानाची विचारा. दुकानदार उभ्या गाडीचा मोठा आकडा सांगतात.

फ्रिजला उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० अँपिअर-अवर (बॅटरीतल्या विजेचं माप) लागतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते. ती अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नका. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तापतो. मध्ये करंटला आवर घालणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, १६ चौरस मिमीची वायर, आणि फ्यूज गाडीच्या मूळ बॅटरीपासून फूटभरात. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम खराब होते, त्यामुळे लडाखमध्ये ती केबिनमध्येच हवी.

पाण्याचे दोन २० लिटरचे कॅन केबिनला टेकवून ठेवा. वजन मागे गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं.

रॅक बसवून घेण्याआधी आरटीओत विचारा.