नवं स्टेडियम मिळूनही २०१४ मध्ये फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम का गडगडला?

स्टेडियमला दोष देणं सोपं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतलं जुनं कँडलस्टिक मैदान सोडून संघ सांता क्लारातल्या लीव्हाइज स्टेडियममध्ये गेला. तिथलं गवत नीट रुजेना, पूर्वेकडच्या प्रेक्षकांना ऊन भाजून काढायचं. पण खरं दुखणं सामन्यांच्या उत्तरार्धातलं! पहिल्याच घरच्या सामन्यात १७-० आघाडी घेऊन बेअर्स संघाकडून २०-२८ हार. डिसेंबरमध्ये चार्जर्स संघाविरुद्ध मध्यंतराला २८-७ आघाडी, आणि शेवटी जादा वेळेत ३५-३८ हार. हातातोंडाशी आलेला घास गेला, दुसरं काय! त्यात बचावफळीतला नव्हारो बोमन दुखापतीमुळे हंगामभर बाहेर. एकूण ८ विजय, ८ पराभव, घरी ४-४. आधीची सलग ३ वर्षं हाच संघ एनएफसीच्या (एनएफएल लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात होता. हंगाम संपताच प्रशिक्षक जिम हार्बा गेले.