अश्वगंधा ठीक, पण डब्यात अजून काय आहे?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी १७ वर्षांची आहे, ४०० मीटर पळते, राज्य पातळीपर्यंत गेलीय. हल्ली शेवटच्या शंभर मीटरला एकदम गळून जाते. ग्राउंडवरच्या ओळखीच्या एकांनी हर्बल पावडरचा डबा आणून दिलाय, त्यावर अश्वगंधा, शिलाजित, सफेद मुसळी असं लिहिलंय. आयुर्वेदिकच आहे, काही होत नाही म्हणतात. देऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो डबा आधी बाजूला ठेवा. अश्वगंधा वाईट आहे म्हणून नाही सांगत. तिच्यावर अभ्यास झालेत, आपल्याच देशात झालेत. २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ५७ पुरुष होते, सगळ्यांनी ८ आठवडे व्यायाम केला, त्यातल्या एका गटाला रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिला, तर त्यांचं बेंच प्रेस सरासरी ४६ किलोने वाढलं आणि दुसऱ्या गटाचं २६ किलोने. आकडा भारी वाटतो, पण ती सगळी मोठी माणसं होती आणि वजनं उचलायची फारशी सवय नसलेली. तुमची मुलगी अजून वाढीच्या वयातली, रोज ट्रॅकवर मेहनत करणारी. त्या आकड्यावर तिच्या बाबतीत भरवसा ठेवायला मी तयार नाही. शिवाय अश्वगंधेने काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदलं गेलंय आणि थायरॉईडवरही परिणाम होऊ शकतो, म्हणजे 'काही होत नाही' हे खरं नाहीच.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये आपल्या मुलींनी ४ बाय ४०० रिलेचं गोल्ड जिंकलं, मग ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्येही, आठवत असेल तुम्हाला. २०११ मध्ये त्या टीममधल्या काही मुलींसकट सहाजणी डोप टेस्टमध्ये सापडल्या, स्टेरॉईड निघालं. त्यांचं म्हणणं होतं की कोचने चीनमधून आणलेलं जिनसेंग आम्ही घेत होतो, त्यातूनच ते आलं असणार. जिनसेंग म्हणजे मूळच, वनस्पतीच. परदेशी कोचला काढलं, पण मुलींची सुटका झाली नाही. आधी एक वर्षाची बंदी आली आणि २०१२ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. ऐन लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर! डोपिंगचा नियमच तसा आहे, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, डबा कुणी दिला हे सांगून शिक्षा फार तर थोडी कमी होते. उद्या तुमच्या मुलीच्या बाबतीत असं काही झालं तर डबा देणारे काका हात वर करतील आणि बंदी तिच्या नावावर लागेल, हे मला फार लागतं म्हणून एवढं लिहितोय.

आता गळून जाण्याचं. पळणाऱ्या मुलींमध्ये मी सगळ्यात आधी रक्त तपासायला सांगतो, हिमोग्लोबिन आणि सोबत फेरिटिन, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. पाळी वेळेवर येते का तेही शांतपणे विचारा, दोन-तीन महिने चुकली असेल तर खाणं मेहनतीला पुरत नाहीये असं समजून डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि सकाळी पोरगी उपाशीपोटी ट्रॅकवर जाते का? जात असेल तर डब्याचे पैसे केळी, अंडी, दूध, शेंगदाणा चिक्की यात घाला, प्रॅक्टिस झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी जायलाच हवं.

प्रश्न : सर, मी कोल्हापूरला तालमीत असतो. खुराक जड झाला की पोट बिघडतं, म्हणून वैद्यांनी अग्नितुंडी वटी दिलीय. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, चालेल ना?
– एक पैलवान

उत्तर : नको रे बाबा, स्पर्धेच्या आधी तर अजिबात नको. अग्नितुंडीत कुचला असतो, आपल्याकडे काही जण काजरा म्हणतात तोच, आणि कुचल्यात स्ट्रिकनीन असतं. ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. कुचला शुद्ध करून वापरतात हे खरं, पण शुद्ध केल्यावरही त्यात स्ट्रिकनीन उरतंच. वैद्यांची चूक नाही, तू डोप टेस्टवाला खेळाडू आहेस हे त्यांना माहीतच नसेल. सरळ सांग आणि दुसरं औषध माग, पोटासाठी कुचला नसलेली भरपूर औषधं आहेत. नाडाचं, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचं, 'नो युवर मेडिसिन' ॲप मोबाईलमध्ये घेऊन ठेव, पण एक लक्षात घे, त्यात औषधातला घटक तपासता येतो, डब्यात गुपचूप काय मिसळलंय ते त्याला कळत नाही.

थंडाईचं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. बदाम, बडीशेप, मिरीची थंडाई खुशाल पी. भांग मात्र नको, स्पर्धेच्या काळात तिच्यावरही बंदी आहे. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो आणि भांग त्याच्या कितीतरी दिवस आधी घेतलेली असली तरी तिचे अंश लघवीत सापडू शकतात.

प्रश्न : वय ४३, सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करतोय. गोखरूने स्टॅमिना वाढतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या खेळाडूंना ५ आठवडे गोखरूचा अर्क देऊन पाहिला, न घेणाऱ्यांपेक्षा ताकद जास्त वाढली नाही. स्टॅमिन्यासाठी त्यावर पैसे घालू नका, घाट चढायची प्रॅक्टिस वाढवा आणि या वयात एकदा बीपी, शुगर, ईसीजी करून घ्या.