कुत्र्याने शिंकेतून टंग वर्म टाकला, तर घरातल्या माणसांना लागण होते का?

होऊ शकते, पण तुम्हाला भीती वाटतेय तशी नाही. कुत्रा तोंड चाटतो म्हणून त्याच्या जिभेवरचा किडा आपल्या जिभेवर येईल का, असं तुम्ही विचारलंय. अहो, जिभेचा संबंधच नाही. किडा दिसायला जिभेसारखा, चपटा आणि निमुळता, म्हणून टंग वर्म, म्हणजे ‘जीभ-किडा’, हे नाव. राहतो नाकात. आणि तो कृमीही नाही, खेकडे-कोळंबीच्या गोतातला आहे.

आमची कुत्री दोन महिने शिंकत होती. एका नाकपुडीतून शेंबूड, मग एके रात्री घोळणा फुटला. ॲलर्जीचं औषध झालं, अँटिबायोटिक झालं, जंताच्या गोळ्या झाल्या (त्या पोटातल्या जंतांसाठी, नाकातल्या पाहुण्याला त्यांचं काय!). शेवटी तिने स्वतःच शिंकून फरशीवर एक पांढरट, वळ्यावळ्यांची पट्टी टाकली. माझ्या बोटापेक्षा लांब. मादी ८ ते १३ सेंटीमीटर वाढते, नर जेमतेम २. दुसरी मादी डॉक्टरांनी भूल देऊन, दुर्बीण घालून चिमट्याने ओढून काढली.

हे आलं कुठून? आमच्या थोरल्या बंधूंकडून. कुत्र्याला कच्चंच घालावं हा त्यांचा हट्ट. शेळ्या-मेंढ्यांची फुप्फुसं, कलेजी, आतड्यालगतच्या गाठी, सगळं न शिजवता. नेमक्या तिथेच याच्या अळ्या दबा धरून असतात. कुत्र्याने ते खाल्लं की अळ्या नाकात चढतात आणि साधारण सहा महिन्यांत अंडी घालू लागतात. अंडी शिंकेतून आणि विष्ठेतून गवतावर, तिथून पुन्हा शेळी-मेंढीच्या पोटात. मी दादाला म्हटलं, शिजवून घाल. तर म्हणे, ‘लांडगे काय चूल मांडतात?’ दादा, लांडग्यांच्या नाकातही हाच किडा सापडतो! निसर्गाला कुत्र्याच्या नाकाइतकीच किड्याच्याही संसाराची काळजी आहे.

तर माणसांचं. अंडी हाताला लागून पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात जाऊन गाठी करून बसतात. बहुतेकांना पत्ताही लागत नाही, भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये त्या दिसतात. क्वचित डोळ्यात जातात, तेव्हा मात्र गंभीर. दुसरा मार्ग म्हणजे कच्ची किंवा अर्धी कच्ची कलेजी माणसानेच खाणं. मग काही तासांत अळ्या घशाला चिकटतात, घसा खवखवतो, सुजतो, शिंका येतात. लेबनॉनमध्ये याला हलझून म्हणतात. सापांमधले याचे भाऊबंद वेगळे, ते साप हाताळणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी बघावं.

तेव्हा शेंबूड आणि विष्ठा हातमोजे घालून उचला, हात धुवा, चाटाचाटी सध्या बंद. किडा फेकू नका, स्पिरिटमध्ये घालून डॉक्टरांना दाखवा. एक निघाला म्हणजे संपलं असं नसतं.

हां, एक राहिलं. प्रत्येक शिंक म्हणजे हाच किडा नव्हे. नाकात कुसळ अडकतं, दाताचं मूळ सडतं, गाठ असते. मी डॉक्टर नाही.

आमच्या किड्याची बाटली अजून कपाटावर आहे. दादा आजही म्हणतो, तो आतड्याचा तुकडा होता. भिंगातून तोंडाशेजारच्या चार बाकदार नख्या स्वच्छ दिसतात. आतड्याला नख्या कधीपासून फुटल्या, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही.