बागेतला दगड, वाड्यातलं बीड : वाचकांचे प्रश्न

वाडे पडतायत, पाचगणी-महाबळेश्वरकडचे बंगले हात बदलतायत, आणि त्यांच्या अंगणातल्या डोण्या, बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची बाकं, संगमरवरी पुतळे, पितळी कड्यांचे झोपाळे फार्महाऊसच्या बागांत येऊन पडतायत. हौसेला माझी हरकत नाही. पण पत्रं येतात ती बहुतेक वस्तू घेऊन झाल्यावर, आणि बऱ्याचदा तिच्यावर अॅसिड ओतून झाल्यावर. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देते.

बिडाचं बाक घेतलं. विकणारा म्हणतो, औंध संस्थानच्या बागेतलं आहे, दीडशे वर्षांचं. खरं कसं ओळखायचं? (विश्रामबाग, सांगली)

विकणाऱ्याचं बोलणं हा पुरावा नव्हे. औंध बहात्तर गावांचं संस्थान. 'औंधचा माल' म्हणून आपल्याकडे जेवढी बाकं आणि झुंबरं खपली, तेवढी ठेवायला तिथल्या राजांना, पंतप्रतिनिधींना, शेजारचं आणखी एखादं संस्थान मागून घ्यावं लागलं असतं.

आधी लोहचुंबक लावा. चिकटलं नाही तर अॅल्युमिनियमचं ओतकाम आहे, विषय संपला. चिकटलं तर बाक उलटं करा. समोरची वेलबुट्टी सगळेच न्याहाळतात, खालची बाजू कुणी पाहत नाही, आणि लबाडी तिथेच सापडते. नक्कल करणारे बहुधा जुन्या बाकाचाच साचा घेतात. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते आणि पानांच्या शिरा, द्राक्षांचे घोस बोथट होतात. अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकानंतरचे. ते दिसले तर बाक तरी नवं किंवा दुरुस्ती तरी नवी. इंग्लंडहून आलेल्या काही ओतकामांवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणीशिक्का असतो. तो १८४२ ते १८८३ या काळात वापरात होता. ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीचं नावही कधीकधी दिसतं. मात्र साचा घेताना नाव आणि शिक्काही जसेच्या तसे उतरतात, तेव्हा नाव वाचून लगेच पेढे वाटू नका. खालून, मागून आणि सांध्यांचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. पैसे द्यायच्या आधी दाखवले असते तर जास्त बरं झालं असतं.

गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीत कमळं लावली तर चालेल का? (तासगाव)

चालेल. आतून सिमेंटचा गिलावा करू नका आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा.

वाईजवळ फार्महाऊस बांधतोय. बागकाम करणारा ठेकेदार तीन कोरीव वीरगळ आणून देतो म्हणतो. प्रवेशद्वाराशी उभे केले तर छान दिसतील. गावात ते नुसते पडून आहेत असं तो सांगतो. किंमत वाजवी आहे का? (पुणे, मूळ गाव सातारा जिल्हा)

किंमत मी सांगणार नाही, कारण ही वस्तू विकायची नाही आणि विकत घ्यायचीही नाही.

'पडून आहे' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. वीरगळ म्हणजे कुणाच्या तरी मरणाची नोंद आहे. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गायीगुरं सोडवताना झालेली. त्यावर अप्सरा वीराला वर नेताना, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहील म्हणून. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरातून वर उचललेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. आपल्याकडे अशा दगडांवर लेख क्वचित असतो, जत भागात असला तर कानडीतही असू शकतो. त्यामुळे तो दगड कुठल्या वेशीवर, कुठल्या देवळाजवळ, कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता, यावरूनच पुढचं काही सांगता येतं. तिथून उचलून तुमच्या गेटशी आणला की ती माहिती गेली, आणि अभ्यासकाला ती परत मिळवून देणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

आता कायदा. पुरावशेष व कलावस्तू अधिनियम १९७२ सालचा, ५ एप्रिल १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प त्यात येतं. ते बाळगणाऱ्यानं नोंदणी करायची असते, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तुमच्या ठेकेदाराला परवाना दाखव म्हणा, चेहरा पाहण्यासारखा होईल. शिवाय गावठाणातला किंवा देवळाच्या आवारातला दगड त्याच्या मालकीचा नाहीच. तो उचलणं ही साधी चोरी आहे, आणि घेणाराही त्यात अडकतो. 'रिसॉर्टवाले सगळे लावतात' ही सबब पोलीस ठाण्यात चालत नाही. मला तर ती पत्रातही चालत नाही.

दुसरी एक तऱ्हा पाहते: गावकरीच जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगड भरावात टाकतात, किंवा त्यांवर ऑइलपेंटचे थर चढवतात, आणि मग 'निदान माझ्या बागेत सुरक्षित राहील' असं म्हणत कुणीतरी ते उचलतो. काळजी खरी असेल तर ग्रामपंचायतीशी बोला, जागेवरच साधा चौथरा करून दगड उभे करायला मदत करा, फोटो आणि ठिकाण लिहून राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयाला कळवा. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयातही विचारता येईल. आणि गेटशी शोभाच हवी असेल तर चांगल्या पाथरवटाकडून नवा दगड घडवून घ्या, मागच्या बाजूला साल कोरायला सांगा. पैसा कारागिराच्या हातात जाईल आणि पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना कुणी फसवणार नाही.

आजोबांच्या काळातला तांब्याचा कलश तांदूळ ओढतो असं एकानं सांगितलं. परदेशी कंपनी कोट्यवधी देईल, तपासणीसाठी आधी काही रक्कम भरायची आहे. (इस्लामपूर)

फसवणूक आहे. एक रुपयाही भरू नका, पोलिसांकडे जा. कलश चिंचेनं घासून पूजेला ठेवा.

पाचगणीच्या बंगल्यातला संगमरवरी पुतळा काळा पडलाय. माळी म्हणतो, बाथरूमच्या अॅसिडनं एका दिवसात पांढरा होतो. (सातारा)

होतो. पुतळ्याची वरची कातडी निघून गेल्यावर काहीही पांढरं दिसतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अॅसिड पडलं की फसफसून विरघळतो. नाकाची धार, केसांच्या बटा, वस्त्राची चुणी आधी जातात. नवीन खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिकच जोमानं धरतं. कपड्यांचं ब्लीचही नको, त्यातले क्षार दगडात मुरतात.

तो काळेपणा बहुतेक शेवाळ, दगडफूल आणि धूळ यांचा असतो. बोटानं हळूच चोळून बघा. साखरेसारखे कण सुटत असतील तर पाणीसुद्धा लावू नका, संवर्धकाला बोलवा. दगड घट्ट असेल तर स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ. पाण्याचा प्रेशर पंप नाही. सांध्यापाशी तपकिरी ओघळ किंवा तडा दिसतोय का तेही पाहा. आत लोखंडी गज असतो, तो गंजून फुगतो आणि दगड आतून फोडतो. तिथे सिमेंट भरणारा गवंडी आणू नका.

पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळून बांधू नका, ओल आतच कोंडते. जमिनीपासून उचलून चौथऱ्यावर ठेवा, वर हवा खेळेल असं छप्पर करा. डोंगरमाथ्यावरच्या पावसात उघड्यावर ठेवलेला संगमरवर हळूहळू झिजणारच. जमल्यास व्हरांड्यात घ्या. आणि चांगल्या जपलेल्या संगमरवराचा पृष्ठभाग कसा दिसतो हे पाहायला औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे. तेवढी एक सकाळ काढा.

मुलगा अमेरिकेत असतो. घरातली जुनी समई त्याच्या सामानात पाठवू का? (मिरज)

शंभर वर्षांहून जुनी असेल तर नाही. तेवढी जुनी नसेल पण दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला आधी घ्या, विमानतळावर वाद घालत बसू नका.

घराचा पाया खणताना दगडी गोमुख आणि तांब्याचं बंद भांडं सापडलं. गोमुख कारंज्याला लावायचं आहे. (वाई तालुका)

काम थांबवा. भांडं उघडू नका, गोमुख धुऊ नका. जमिनीत सापडलेल्या ठेव्यासाठी १८७८चा कायदा अजून लागू आहे आणि त्यातली मर्यादा दहा रुपयांची आहे. हसू येतं खरं, पण तेवढ्याच किमतीवर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक ठरतं. तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. आजच. चार लोकांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून झाले असतील तर कालच द्यायला हवा होता.

झोपाळ्याच्या पितळी कड्या २०१९च्या पुरात चिखलात होत्या, तेव्हापासून हिरव्या पडल्यात. पॉलिशवाला मशीनवर बफ करून देतो म्हणतो. (सांगली)

बफवर देऊ नका. कड्यांवरचे हत्ती, मोर, घुंगरं यांची रेघ त्या चाकाखाली निघून जाते, आणि संग्राहक पैसे देतो ते त्या रेघेचे. कोमट पाण्यानं मऊ ब्रश फिरवून चिखल काढा आणि पूर्ण वाळवा. हिरवा थर घट्ट आणि एकसारखा असेल तर राहू दे. फिकट हिरवी पूड ठिपक्याठिपक्यांनी सुटत असेल तर धातू आतून खातोय, तज्ज्ञाला दाखवा. पुरानंतर इतकी वर्षं का थांबलात, हे विचारत नाही. एक मात्र आत्ताच करा: आकडे आणि कड्या वजन पेलतात का हे तपासल्याशिवाय मुलांना झोपाळ्यावर बसवू नका.

शिकारी आजोबांची सांबरशिंगं विकायची आहेत. (कराड)

विकता येत नाहीत. वनविभागाकडे जा.

बिडाच्या कारंज्याचा पाय तुटला. फॅब्रिकेटर वेल्डिंग करून देतो. करू का? (कोरेगाव)

नेहमीच्या रॉडनं नको. बीड ठिसूळ असतं. थंड बिडावर एकदम उष्णता दिली की सांध्याशेजारी नवा तडा जातो, कधी कधी तो दुसऱ्या दिवशी ऐकू येतो. बीड आधी नीट तापवून, निकेलचा रॉड वापरून, सावकाश थंड करणारा माणूस लागतो. पंप किंवा जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारा. बहुतेक वेळा आतून पट्टी लावून बोल्टनं जोडणं जास्त शहाणपणाचं, कारण ते पुढे काढता येतं. रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं. तुटलेला तुकडा फेकलाय का, हे मात्र पत्रात लिहिलेलं नाही. फेकला असेल तर भंगारवाल्याकडे आजच जा.