गोळी सोडू की पाजणं सोडू?

ती आली तेव्हा बाळ 22 दिवसांचं होतं. पहिलंच बाळंतपण, माहेरी झालेलं. उजव्या छातीवर लाल पट्टा, हात लागला तरी डोळ्यांत पाणी येईल इतका दुखरा, आणि अंगात 102 ताप. डॉक्टरांनी स्तनदाह, म्हणजे छातीला आलेली दुखरी सूज, ओळखून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची 625 ची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली होती. पण औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, "अंगावर पाजत असाल तर अँटिबायोटिक चालत नाही." घरी तिच्या आईनंही पाजणं थांबवायचा हट्ट धरला.

पहिल्या दिवशी तिनं गोळी घेतली, पाजणं बंद केलं आणि दूध पिळून मोरीत ओतलं. रात्रीपर्यंत छाती दगडासारखी झाली, बाळ बाटली तोंडात घेईना. दुसऱ्या दिवशी तिनं उलटं केलं. बाळाला पाजलं आणि घरात कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, मी नक्की काय सोडू?"

"दोन्हीतलं काहीच सोडू नकोस," मी म्हटलं. पण एवढ्यानं भीती जात नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. म्हणून कागद घेतला आणि तिच्यासमोर हिशेब मांडला.

अमॉक्सिसिलिन आईच्या दुधात किती उतरतं, हे मोजलेलं आहे. आईनं एकदम 1 ग्रॅम घेतलं, म्हणजे हिच्या 625 च्या गोळीत असलेल्या 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनच्या दुप्पट, तरी चारेक तासांनी दुधातलं प्रमाण सगळ्यात जास्त असतं तेव्हाही ते लिटरमागे सरासरी 1 मिलिग्रॅमच्या आतच भरलं. पावणेचार किलोचं बाळ दिवसाला साधारण 550 मिलिलिटर दूध पितं. म्हणजे त्याच्या पोटात दिवसभरात जातं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. उद्या याच बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टरांनी हेच औषध दिलं, तर ते दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास देतील. तिनं तो अर्धा आणि ते शंभर दोनदा वाचले. मग पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

औषध दुधात येतं ते रक्तातून, पेशींच्या आवरणातून झिरपत. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसणारी औषधं कमी झिरपतात, आकारानं मोठे रेणू तर फारच कमी. आणि ही वाट दुतर्फा आहे. रक्तातलं औषध उतरायला लागलं की दुधातलंही परत रक्तात जातं. म्हणून दूध पिळून टाकल्यानं औषध लवकर निघून जात नाही. मोरीत गेलं ते नुसतं बाळाचं जेवण. हे सांगताना माझाच जीव तुटत होता. गोळीची वेळ साधून पाजायचा आटापिटाही मी करायला लावत नाही. दर दोन तासांनी उठणाऱ्या बाळाबरोबर ते जमत नाही, आणि या औषधाला त्याची गरजही नाही.

सगळ्याच औषधांना हा हिशेब लागू पडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल पाजणाऱ्या आईला टाळतात. सल्फाची औषधं दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कावीळ असलेल्या बाळाच्या आईला देत नाहीत. मेट्रोनिडाझोलचा 2 ग्रॅमचा एकदम डोस दिला तर 12 ते 24 तास पाजणं थांबवायला सांगतात. म्हणून डॉक्टरांना "मी पाजते" एवढंच सांगून भागत नाही. बाळ किती दिवसांचं, पुऱ्या दिवसांचं का, कावीळ होती का, हेही सांगायचं.

तिची आई इतका वेळ गप्प होती. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी पदर तोंडाला लावला. हिच्या वेळी त्यांनाही असाच ताप आला होता. औषधाचं दूध बाधतं म्हणून त्यांना पाजणं एकदम तोडायला लावलं, आणि पुढं छातीत पू झाला, चीर द्यावी लागली. "हिला चमच्यानं वरचं दूध पाजून वाढवली," त्या म्हणाल्या. हट्टानं लेकीचं पाजणं थांबवणाऱ्या बाईचा मला आधी राग आला होता. तो तिथंच गेला. तुंबलेलं दूध तसंच राहिलं की पू होण्याची भीती वाढते, हे मी त्यांना सांगितलं. आणि स्तनदाहातही त्या बाजूचं दूध बाळाला चालतं, हेही.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू करून पूर्ण संपवायला सांगितल्या. घरी चाललेलं गरम पिशवीनं शेकून जोरात चोळणं मी थांबवलं. त्यानं आतली सूज वाढते. 2022 पासून अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ही स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्थाही थंड शेक आणि हलका हात हेच सांगते. बाळ मागेल तसं पाजायचं. छाती रिकामी करायच्या नादात पंपानं सारखं ओढायचं नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी घाबरून फोन आला, बाळाची शी पातळ झाली होती. असं होऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवलं होतं. लघवी नेहमीसारखी, पिणं नेहमीसारखं, शीत रक्त नाही, अंगावर पुरळ नाही. त्यामुळे पाजणं चालूच ठेवलं. तोंडात न पुसली जाणारी पांढरी बुरशी येते का, तेवढं रोज बघायला सांगितलं. आली नाही.

परवा तिचा पुन्हा फोन आला. दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसायच्या आधीच तिनं सांगितलं होतं, "डॉक्टर, बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. औषध त्या हिशेबानं लिहा."