पार्ट मागितला की पहिला प्रश्न, "मेकॅनिक कोणय?"

प्रश्न: माझी जुनी मारुती ८०० मी घरीच दुरुस्त करतो, शौक आहे. पण परभणीत काउंटरवर गेलो की माप, नंबर कोणी ऐकतच नाही, "मेकॅनिकला पाठवा" म्हणतात. हेड गॅस्केट चुकीचं दिलं अन् परत घ्यायला नाही म्हणाले. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर: तुमचा राग एकदम बरोबर आहे. ८०० म्हणलं की दुकानदार एकच गाडी धरून चालतो, पण ७९६ सीसीचीच दोन इंजिनं आली ना, सहा व्हॉल्व्हचं एफ८बी अन् बारा व्हॉल्व्हचं एफ८डी, इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेडच वेगळं, तर त्याखाली लावायचं गॅस्केट कसं बसंल? म्हणून मॉडेल सांगूच नका, इंजिन नंबर अन् चेसिस नंबर लिहून न्या, त्यावरून पार्ट नंबर काढायला लावा अन् तो बिलावर लिहून घ्या. बिलाशिवाय पार्ट घेऊ नका, चुकीचा निघाला तर भांडायला तेवढाच कागद असतो. जुना पार्ट सोबत ठेवाच.

अन् बेअरिंगसाठी तर कारच्या दुकानात जायचीच गरज नाही. त्यावर नंबर कोरलेला असतो, ६२०३ असंल तर आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर, गाडी कुठलीही असो. पुढं २आरएस म्हणजे दोन्हीकडं रबर सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळं संभाजीनगरात बेअरिंगची वेगळी दुकानं आहेत, तिथं नंबर सांगितला की "मेकॅनिक कोणय" असं कोणी विचारत नाही. ऑइल सीलचंही, म्हणजे ऑइल गळू न देणाऱ्या रबरी कड्याचंही तसंच, माप बहुतेक वेळा त्याच्यावरच असतं, पुसलं असंल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी लावा.