कडवळात शिरलेली गाय

प्रश्न : ऑगस्टमध्ये आमची दुभती गाय दावं तोडून शेजाऱ्याच्या कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या हिरव्या ज्वारीत, शिरली. वीसेक मिनिटांनी हाकलून आणली, तर गोठ्याच्या दारातच लटपटून पडली आणि अर्ध्या तासात गेली. गेल्या वर्षी त्याच रानातलं कडवळ तिला आम्ही रोज घालत होतो. शेजाऱ्याने काही फवारलं असणार असं घरचे म्हणतात. पोलिसात जावं का? शिवाय त्याच ज्वारीची भाकरी आम्ही खातो, त्याचं काय?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : पोलिसात जाण्याआधी त्या रानात जाऊन कडवळ किती उंच आहे ते बघा. गुडघ्याएवढंच असेल, मध्ये पावसाने ओढ दिली असेल आणि मग एखादी सर येऊन नवे फुटवे निघाले असतील, तर तुमच्या गाईला किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागली. फवारणीच्या औषधाने बहुधा तोंडाला लाळेच्या तारा लागतात, पातळ हगवण होते, बाहुल्या बारीक होतात. त्यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरीन नावाचं द्रव्य असतं. ते फोडणारं विकर (एन्झाइम) त्याच पानात, पण वेगळ्या पेशींत. गाय पान चघळते तेव्हा दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू या कामाला आणखी हातभार लावतात. घोड्याला हा त्रास त्यामानाने कमी. हे विष पेशीतल्या श्वसनाच्या विकरातलं लोह धरून बसतं. मग रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशींना तो वापरताच येत नाही.

गुरांच्या दवाखान्यात नोकरी नवी असताना माझीच यात फसगत झाली होती. पोट तट्ट दिसलं म्हणून पोटफुगी समजून मी ट्रोकार, म्हणजे पोटातला वारा काढायची टोकदार नळी, मारला. वारा सुटला, पण गाय काही वाचली नाही. जखमेतून आलेलं रक्त चेरीसारखं लालभडक होतं. गुदमरलेल्या जनावराचं रक्त काळपट असायला हवं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. त्यानंतर बॅगेत सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट कायम ठेवलं. थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपोच. त्यातल्या गंधकामुळे सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे जातं. दोन्ही औषधं शिरेतून द्यायची; नायट्राइट जास्त झालं तर तेच मारतं, म्हणून हे घरी करायचं काम नाही.

गेल्या वर्षी काही झालं नाही, कारण बहुधा कडवळ फुलोऱ्यात आलेलं होतं आणि तुम्ही घालत होतात ते बेताने. यंदा गाय उपाशीपोटी शिरली आणि अधाशासारखं खाल्लं. युरियाचा हात सैल असेल तर विष आणखी वाढतं. नीट वाळवलेल्या कडब्यातून त्याचा बराचसा भाग उडून जातो. हायड्रोजन सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळतं.

भाकरी बिनघोर खा. पक्क्या दाण्यात धुरीन जवळजवळ नसतं. मोड आलेल्या ज्वारीत मात्र भरपूर असतं, तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि शेजाऱ्याकडे जाच, पण भांडायला नको. त्याच्या दावणीलाही जनावरं असतील, तर ते फुटवे इतक्यात कापू नकोस म्हणावं.